तेलुगु गाणी शब्द समजून ऐकायचीयत? वेटूरी आधी की सिरिवेन्नेला?

'नाटु नाटु'ला ऑस्कर मिळाल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की तेलुगु गाणी नीट अर्थ लावत ऐकायचीयत, सुरुवात कोणापासून करू. माझ्या मते निवड तेलुगु सिनेमाच्या दोन गीतकारांतच आहे, वेटूरी सुंदरराममूर्ती आणि सिरिवेन्नेला सीताराम शास्त्री. श्रीश्री आणि सी. नारायण रेड्डी हे मोठेच, पण ते आधी कवी, त्यांना पुस्तकातून गाठावं.

वेटूरी म्हणजे कानाचा माणूस. तेलुगुत जवळपास प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे गायकाला शब्दाच्या शेवटी सूर लांबवायला जागा मिळते आणि वेटूरी त्या जागेचं सोनं करतात. 'अडवि रामुडु' (१९७७) मधलं 'आरेसुकोबोयि पारेसुकुन्नानु' घ्या. मी सोलापूरचा, पूर्व भागातला, आमच्या शेजारी तेलुगु बोलणारं पद्मशाली कुटुंब. मी अर्थ विचारला तर शेजारच्या अक्का दोरीवरची साडी ओढत म्हणाल्या, 'अरे, वाळत घालायला गेले आणि हरवून बसले, एवढंच!' अर्थ खरंच एवढाच, पण आरेसु-पारेसु हा खेळ मराठीत आणून दाखवा, नाही येत. आणि हाच माणूस तीन वर्षांत 'शंकराभरणम्'साठी 'शंकरा नादशरीरापरा' लिहितो, जे संस्कृत शब्दांमुळे आपल्याला कोणी न सांगता अर्धंअधिक कळतं.

सिरिवेन्नेलांचं बळ विचारात आहे. मूळ नाव चेंबोलु सीताराम शास्त्री, के. विश्वनाथ यांच्या 'सिरिवेन्नेला' (१९८६) ची गाणी लिहिली आणि सिनेमाचं नावच त्यांना चिकटलं. नायक आंधळा बासरीवाला, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, आणि गाणं 'विधात तलपुन प्रभविंचिनदि अनादि जीवनवेदं'. ह्यात 'तलपु' म्हणजे मनातला विचार एवढं सांगितलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही! मी पहिल्यांदा अर्थ लावला त्या रात्री तेच गाणं किती वेळा लावलं ते आठवत नाही. मग 'सिंधूरम्' (१९९७) ऐका, देशभर स्वातंत्र्याची पन्नाशी साजरी होत होती त्याच वर्षी ह्यांनी गाण्यातून विचारलं की अर्धशतकाच्या अज्ञानालाच स्वातंत्र्य म्हणायचं का. सिनेमाच्या गाण्यात हे लिहायला छाती लागते. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार कधी मिळाला नाही ह्याची मला मनापासून खंत आहे. पद्मश्री तेवढी मिळाली, २०१९ मध्ये, आणि २०२१ मध्ये ते गेले.

तर सबटायटलच्या भरवशावर ऐकणार असाल तर सरळ सिरिवेन्नेला, कारण त्यांचं म्हणणं भाषांतरातही टिकतं. घरात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात कोणी तेलुगु बोलणारं असेल तर मात्र वेटूरी आधी, त्या तेलुगु बोलणाऱ्याला शेजारी बसवूनच ऐका, नाहीतर निम्मी मजा हातची जाईल.

वेटूरींचं एक गाणं ह्या हिशेबात बसत नाही, 'मातृदेवो भव' (१९९३) मधलं 'रालिपोये पुव्वा', ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते कोणीही, कधीही ऐकावं, फक्त त्यातलं 'रागालु' म्हणजे आपला रागावण्यातला राग नव्हे, सूर. गळून पडणाऱ्या फुला, तुला आता सूर कशाला, असं ते विचारतं.