मुलीचे अलाइनर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मुलीचे वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि डावा सुळा जागाच नसल्यामुळे वर, बाहेरच्या बाजूला, वळून आला होता. दुधाच्या शेवटच्या दाढा पडत आल्या तेव्हा ऑर्थोडॉन्टिस्टनी (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी) दोन्ही पर्याय सांगितले: तारा किंवा पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर घट्ट बसणाऱ्या, एकामागून एक बदलत जायच्या प्लास्टिकच्या ट्रे. आम्ही अलाइनर घेतले. 'दिसत नाहीत आणि काढता येतात' यापलीकडचं फारसं कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काढता येतात, यातच या उपचाराचं यश आणि अपयश दोन्ही आहे. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, उलट बाजूला नवं हाड भरतं, आणि त्यासाठी दाब टिकून राहावा लागतो. म्हणून दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे तोंडात हवी असते. खाणं आणि दात घासणं या सगळ्यासाठी मिळून उरतात जेमतेम दोन ते चार तास. तारा चिकटवलेल्या असतात, त्या मुलाच्या मर्जीची वाट बघत नाहीत. इथे सगळी भिस्त मुलावर. त्यामुळे कोणती पद्धत नवी आणि कोणती जुनी यापेक्षा 'आपलं मूल हे घालेल का' हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

सुरुवातीला दातांचं स्कॅनिंग होतं. तोंडात छोटा कॅमेरा फिरवतात, मापासाठी तो चिकट लगदा तोंडात भरावा लागत नाही. मग दात कसे कसे सरकणार हे स्क्रीनवर दाखवतात. तो योजनेचा आराखडा असतो, हमी नव्हे. काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ट्रेला दात धरायला त्यांचा आधार लागतो. म्हणजे अलाइनर अगदीच दिसत नाहीत असं नाही, जवळून बघितलं की हे उंचवटे कळतात. मुलीला त्याचं काही वाटलं नाही, पण पहिले काही दिवस गालाला आतून घासायचे, आणि 'स' बोलताना जीभ अडखळायची. दोन्ही गोष्टी लवकरच थांबल्या. नवी ट्रे घातली की पहिले एक-दोन दिवस दात ठणकतात. आम्ही नवी ट्रे रात्री झोपतानाच घालतो, त्याने बराच फरक पडला.

खरी कसोटी शाळेत. मधल्या सुट्टीत ट्रे काढायची, खायचं, चूळ भरायची आणि परत घालायची. ट्रे कागदी रुमालात गुंडाळली की ती रुमालाबरोबर कचऱ्यात जाते, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून दप्तरात एक डबी आणि घरी एक. शिवाय आधीची ट्रे जपून ठेवतो. चालू ट्रे हरवली किंवा तडकली तर आधीची घालायची की पुढची, हे डॉक्टर ठरवतात, पण तोवर दात मोकळे राहता कामा नयेत.

ट्रे बसली की नाही हे बघायला मी एक गोष्ट शिकले. उजेडात उभं करून दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये बघायचं. आमच्याकडे पटाशीच्या शेजारच्या दातापाशी एक बारीक पोकळी दिसायची, लाळेचा थेंब अडकून ती चमकायची. म्हणजे तो दात मागे पडतोय. अशा वेळी पुढची ट्रे न घालता डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी तीच ट्रे आणखी काही दिवस ठेवायला सांगितली आणि च्युई, म्हणजे रबरासारखी छोटी नळी, त्या दाताखाली धरून चावायला लावली. पोकळी गेली. काही कंपन्यांच्या मुलांसाठीच्या ट्रेवर मागे निळा ठिपका असतो, वापरानुसार तो फिकट होत जातो. अंदाजाला तो ठीक आहे, पण माझा भरवसा त्या पोकळीवरच जास्त. आणि ठिपका तपासत मुलीवर पाळत ठेवण्यापेक्षा आरशासमोर तिलाच बघू देणं चांगलं. ती स्वतः बघायला लागल्यापासून मला आठवण करावी लागत नाही.

स्वच्छतेत कुचराई नको. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. गोड पेय प्यायलं तर ते प्लास्टिकच्या आत दाताला लागून राहतं, लाळ तिथे पोचत नाही, आणि दातावर पांढरे डाग पडू शकतात. ट्रे कोमट किंवा गार पाण्याने मऊ ब्रशने धुवायची. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो.

लहान वयाबद्दल बरेच जण विचारतात. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात त्या वयासाठीही अलाइनर मिळतात. इनव्हिजलाइन या अलाइनरच्या ब्रँडने तशी खास मालिका 2018 मध्ये आणली. पण फार लहान मुलांचे दात छोटे असतात, त्यावर ट्रेची पकड मुळातच कमी, आणि प्रत्येक वाकड्या दातावर इतक्या लवकर उपचार लागतोच असंही नाही. तपासणी मात्र सातव्या वर्षापर्यंत एकदा करून घ्यावी, अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनाही तेच सांगते. जबड्याची अडचण असेल तर ती तेव्हाच लक्षात येते.

आत्ताची स्थिती अशी: पुढचे दात छान रांगेत आले आहेत, ब्रश सगळीकडे पोचतो, हिरड्यांतून रक्त येणं थांबलं आहे. सुळा खाली आला, पण पुरता वळलेला नाही. सुळ्यासारखे गोलसर दात वळवणं अलाइनरला जड जातं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यासाठी पुन्हा स्कॅन करून जादा ट्रे मागवल्या आहेत, त्या चालू आहेत. तुम्ही सुरू करणार असाल तर अशा जादा ट्रे ठरलेल्या खर्चात धरल्या आहेत का, आणि शेवटी लागणारा रिटेनरही (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) त्यात येतो का, हे आधीच लिहून घ्या. रिटेनर दीर्घकाळ वापरावा लागतो, नाहीतर दात परत मूळ जागेकडे सरकतात.