रेटिनाच्या ऑपरेशननंतर आठ महिने: डोळ्यात गॅस भरलेल्याचा अनुभव

उजव्या डोळ्याचा पडदा सरकल्याचं ऑपरेशन होऊन आता आठेक महिने झाले. मी सांगलीचा, हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो, वय पन्नाशीच्या पुढे आणि शाळेपासून मोठा मायनस नंबर. मिरजेत व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन) झाली, डोळ्यात सी३एफ८ गॅस भरला. ऑपरेशनबद्दल भरपूर वाचायला मिळतं, नंतरचं कोणी फारसं सांगत नाही.

पहिला आठवडा मान खाली. डोळा फार दुखत नाही, मान आणि पाठ दुखते. गॅस हलका, तो वर जातो. तोंड जमिनीकडे केलं की बुडबुडा मागच्या पडद्यावर टेकून राहतो आणि पडद्याला पडलेल्या छिद्राभोवती लेसर केलेल्या जागा धरेपर्यंत त्यातून पाणी पडद्यामागे शिरत नाही. हे कळल्यावर माझा निम्मा वैताग गेला. जेवायला डायनिंग टेबलापेक्षा पाट बरा, ताट खाली म्हणजे मानही खालीच. भेटायला येणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे.

पट्टी निघाल्यावर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. गॅसमधून समोर हात हललेला कळतो, बास. मग वरच्या बाजूने उजेड येतो आणि एक आडवी रेघ दिसते, गवंड्याच्या लेव्हलसारखी. मान वाकडी करा, ती आडवीच. गॅस डोळ्यात वर असतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं म्हणून आपल्याला खाली दिसतो.

हा गॅस सहा ते आठ आठवडे टिकतो. तोवर विमान बंद आणि, आपल्या भागात जास्त महत्त्वाचं, घाटही बंद. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, गॅस फुगतो, डोळ्यातला दाब चढतो. साडूंच्या घरचं पाचगणीचं लग्न सोडलं. ते रुसले, रुसू देत. डोळ्यात गॅस आहे असं सांगणारा मनगटावरचा पट्टाही गॅस जाईपर्यंत काढू नका. या काळात कुठे भूल घ्यावी लागली आणि त्यात नायट्रस ऑक्साइड दिला, तरी गॅस तसाच फुगतो.

आता निकाल. 'पडदा छान बसलाय,' असं डॉक्टर म्हणाले. पहिल्याच ऑपरेशनमध्ये दहातल्या आठ-नऊ जणांचा बसतो. पण पडदा बसणं वेगळं आणि दिसणं वेगळं. माझा मॅक्युला, म्हणजे मधला बारीक बघायचा भाग, आधीच सुटला होता. तो शाबूत असताना ऑपरेशन झालं तर नजर खूपच चांगली राहते. म्हणून डोळ्यात लखलखाट, अचानक काळे ठिपके किंवा कडेने सावली आली तर त्याच दिवशी दाखवा.

चष्म्यासह मला आज ६/१८ दिसतं, म्हणजे चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते मला सहा मीटरवरून. सुधारणा अजून चालू आहे, वर्षभर चालू शकते म्हणतात. दुकानाच्या पाट्या, माणसांचे चेहरे ठीक. रोजमेळात मात्र उजव्या डोळ्याने रेघा नागमोडी, आकडे किंचित बारीक, ३ आणि ८ एकसारखे. डाव्या डोळ्याशी ते जुळत नाही, त्यामुळे बेरीज करताना उजवा मिटूनच घेतो. कपात चहा ओततानाही अंदाज चुकायचा, तो आता बसला.

स्टेरॉइडच्या थेंबांनी मध्ये डोळ्यातला दाब वाढला होता, औषध बदलून उतरला. डाव्या डोळ्यात पडदा पातळ होता तिथे लेसर करून घेतलं. हे टाळू नका. आणि आमच्या वयात या ऑपरेशननंतर मोतीबिंदू येतोच म्हणा, मलाही आलाय. दिवाळीनंतर काढायचं ठरलंय, नवा नंबर लागला की इथेच खाली लिहितो.