अफेजियावर संशोधन: सुरुवात तयार संग्रहापासून की वॉर्डापासून?

वाचाघातावर म्हणजे अफेजियावर (मेंदूला इजा झाल्याने बोलणं, समजणं बिघडतं त्यावर) काम सुरू करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक अफेजियाबँकची. कार्नेगी मेलन विद्यापीठात २००७ पासून उभा राहिलेला हा संग्रह. सिंड्रेलाची गोष्ट सांगणाऱ्या रुग्णांचे व्हिडिओ आणि त्यांचं जसंच्या तसं उतरवलेलं बोलणं त्यात मिळतं. नमुना मोठा, विश्लेषण लगेच सुरू. मार्गदर्शक परदेशी असला तरी दोघांना एकाच क्लिपवर बोलता येतं. पण साहित्य मुख्यतः इंग्रजी.

दुसरी वाट अनुभवी वाचा-उपचारतज्ज्ञाशेजारी, वॉर्डात बसण्याची. ही संथ. रुग्ण दमतो, घरचे मध्येच उत्तर देऊन मोकळे होतात. पण रुग्ण ‘मी पोळी खाल्ला’ म्हणाला, तर ती आजारामुळे झालेली चूक, की तो आधीपासूनच असं बोलायचा? हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. शब्द सुचेपर्यंत किती थांबायचं, पहिलं अक्षर कधी सुचवायचं, हेही ज्येष्ठांच्या हाताखालीच अंगवळणी पडतं.

मराठी रुग्णांवर काम करायचं असेल, तर मी बिनदिक्कत सांगेन, आधी वॉर्ड. अफेजियाबँकची शिस्त तिथेच लावून घ्या: संमती घेऊन रेकॉर्डिंग करा, अडखळणं आणि थांबेसुद्धा लिहून काढा, आणि ते लिखाण दर आठवड्याला मार्गदर्शकाकडून तपासून घ्या.