वॉलेटमध्ये बिटकॉइन दिसले म्हणून रोकड देऊ नका

भुसावळ स्टेशनबाहेरचा सौदा. समोरचा बिटकॉइन पाठवणार, आपल्या माणसाने दीड लाख रोख द्यायचे. वॉलेटमध्ये रक्कम दिसली, खाली बारीक अक्षरात ‘अनकन्फर्म्ड’, म्हणजे अजून पक्कं न झालेलं. ‘पैसा पडी ग्यात ना भाऊ, मनी गाडी सुटी जाई!’ अहिराणी बोलणारा, म्हणजे आपल्याकडचाच. रोकड दिली. अर्ध्या तासात वॉलेट रिकामं.

यात हॅकिंग काहीच नाही. पाठवणाऱ्याने फी मुद्दाम अगदी कमी ठेवली, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये (पक्क्या व्यवहारांच्या सार्वजनिक वहीच्या पानात) न जाता रांगेत पडून राहिला. रोकड हातात येताच तेच कॉइन जास्त फी लावून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवले. मायनर, म्हणजे ब्लॉक बनवणारे, जास्त फीचा व्यवहार उचलतात, पहिला बाद होतो. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये असा व्यवहार रद्द करायची सोयच दिलेली आहे. ‘माझ्या व्यवहारात आरबीएफ (जास्त फीने व्यवहार बदलता येईल अशी खूण) बंद आहे’ असं कुणी दाखवलं तरी विश्वास ठेवू नका. ऑक्टोबर 2024 च्या बिटकॉइन कोअर 28 या सॉफ्टवेअरपासून ती खूण नसलेला व्यवहारही नोड (ते चालवणारे नेटवर्कमधले संगणक) बदलू देतात.

किमान एक कन्फर्मेशन झाल्याशिवाय, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये गेल्याशिवाय, नोट मोजायलाही काढू नका. लाखाच्या पुढे सहा, म्हणजे त्यावर आणखी पाच ब्लॉक. ब्लॉक सरासरी 10 मिनिटांनी येतो, पण वीसातला एखादा अर्ध्या तासापेक्षा जास्त घेतो. तेवढ्यात गाडी सुटत असेल तर सुटू द्या. तपासताना त्याने पाठवलेली लिंक उघडू नका, आपला पत्ता स्वतः एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) टाका.

घाईच असेल तर लाइटनिंगवर (बिटकॉइनच्या झटपट पेमेंटच्या नेटवर्कवर) घ्या, तिथे पेमेंट पूर्ण झालं की पाठवणाऱ्याला मागे घेता येत नाही. ट्रॉन या दुसऱ्या नेटवर्कवरचं यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) तिथे ब्लॉक बनवणाऱ्या 27 पैकी 19 प्रतिनिधींचे ब्लॉक वर चढले की पक्कं होतं, साधारण मिनिटभरात. इथेरियमला फायनल व्हायला 13 मिनिटांच्या आसपास लागतात. बिटकॉइनमध्ये आलेलेच कॉइन जास्त फीने पुढे पाठवून अडकलेला व्यवहार आपल्यालाही ओढता येतो, पण कन्फर्म होईपर्यंत समोरचा त्याहून जास्त फी भरून तोही उलटवू शकतो. ‘फी द्या, लगेच कन्फर्म करून देतो’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवाल्यांना तर एक रुपयाही देऊ नका.

फसलात तर लगेच 1930 वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. बाद झालेला व्यवहार बऱ्याच एक्सप्लोररवरून दिसेनासा होतो, म्हणून त्याचा आयडी आणि स्क्रीनशॉट तेव्हाच जपून ठेवा. दुसऱ्या व्यवहाराचा आयडीही जोडा: दोन्हींचा इनपुट, म्हणजे खर्च केलेले मूळ कॉइन, एकच असतो, आणि पोलिसांना दाखवायला तोच पुरावा.