फ्रॅक्टल कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर: कावीच्या फोटोंवर तपासून पाहिलं

फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. देवळांच्या भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या कावी चित्रांचे फोटो मी जमवत आलोय आणि त्या टिफ फाइलींनी हार्ड डिस्क भरत चालल्यात. म्हणून फाइल दाबून लहान करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या, एका छोट्या कंपनीच्या फ्रॅक्टल सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवून घेतली.

जाहिरातीत ‘दहा हजारास एक’ असं कॉम्प्रेशन लिहिलंय, म्हणजे फाइल दहा हजार पटींनी लहान. त्यावर विसंबू नका. हा आकडा गणितज्ञ मायकेल बार्न्सली यांनी १९८८ मध्ये ‘बाइट’ मासिकात मांडला होता, आणि तो माणसाने बसून जुळवलेल्या निवडक चित्रांचा होता. कुठलाही फोटो आपोआप दाबणारी पद्धत त्यांचे विद्यार्थी अर्नो जाकँ यांनी नंतर काढली, पण तिच्यात तो आकडा कुठेच येत नाही.

या पद्धतीत फोटोचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी त्याच फोटोतला त्याच्यासारखा दिसणारा मोठा तुकडा शोधतात. शोधायलाच सगळा वेळ जातो. एक फाइल दाबायला लावून मी गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो काढून दिले, तरी काम चालूच होतं. उघडताना मात्र फाइल झटकन उघडते.

कावीत तांबड्या थरावर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात, आणि किनारीची नक्षी पुन्हापुन्हा तीच येते. तिथे हे सॉफ्टवेअर खरंच चांगलं चाललं. फोटो चौपट मोठा केला तरी पाकळीची कड धारदार राहिली. त्याच आकाराच्या जेपेगमध्ये चौकोन दिसायला लागले होते. पण चुन्याचा खरखरीतपणा गेला, भिंत लोण्यासारखी गुळगुळीत झाली. ज्याला जतनासाठी नोंद ठेवायचीय त्याला हे परवडणार नाही. खरवडणाऱ्या हाताची खूण त्या खरखरीतपणातच असते.

अक्षरांचं तर फारच वाईट. देवळातल्या एका देवनागरी फलकाचा फोटो दाबला, तर एका अनुस्वाराचं टिंब शिरोरेघेत मिसळून गेलं. मोठं करून पाहिलं तेव्हाच ते कळलं. म्हणून तपासताना नुसती निसर्गदृश्यं घेऊ नका. पानांच्या गर्दीत खोटा तपशील खपून जातो. अक्षरं, चेहरा आणि साधी भिंत असे फोटो घ्या, मूळ टिफवरूनच दाबा, आणि फ्रॅक्टल व जेपेग अशा दोन्ही पद्धतींच्या फाइली सारख्या आकाराच्या ठेवून शंभर टक्क्यांवर पाहा.

आणखी एक, फाइल त्यांच्याच फॉरमॅटमध्ये बंद होते. उद्या कंपनी बंद पडली तर ती कशात उघडणार? विक्रेत्याला ईमेलवर विचारलं, सरळ उत्तर आलं नाही.

संग्रहासाठी मी हे घेतलं नाही. टिफ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतोय. तुमचं काम नक्षीच्या मोठ्या प्रिंटचं असेल, तर ट्रायल जरूर वापरून पाहा.