पेट्रोल सांडलं ते चुकून नाही

सहाशे वीस रुपये. पेट्रोल पंपावर मी एवढ्याला फसलो. रक्कम ऐकून आत्तापर्यंत चार जणांनी मला "जाऊ द्या हो" सांगितलंय, त्यात एक खाकीतले होते. म्हणून आधीच लिहितो, जाऊ देणार नाही. बावीस वर्षं गाडी चालवतोय, प्रत्येक वेळी टाकी फुल करतो, किलोमीटर आणि लिटर वहीत लिहून ठेवतो. असा माणूस फसला, म्हणून हे लिहितोय.

रविवारी सकाळी वाईला निघालो होतो. मागे सासरे, त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, शेजारी बायको. वॅगन आरचा पेट्रोलचा दिवा आदल्या रात्रीच लागला होता, म्हणून सातारा रस्त्यावरच्या एका पंपावर वळलो. पंपाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माझ्या पुढे एक मोटरसायकल होती. त्या पोराने पाचशेची नोट दिली आणि सुट्टे न घेता निघून गेला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. पंपावरचा मुलगा नोझल हातात घेऊनच माझ्या गाडीकडे आला. मला वाटलं, काय तत्पर मुलगा आहे.

इथेच. इथेच कळायला हवं होतं. नोझल मशीनच्या खाचेत परत अडकवून पुन्हा उचलली की आकडा शून्यावर येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. खाचेत न ठेवता तशीच हातात धरून पुढच्या गाडीत घातली, की मीटर मागच्या आकड्यापासून पुढे धावतो. मोटरसायकलवाल्याचे पाचशे माझ्या बिलात आले ते असे.

मीटरकडे का बघितलं नाही? कारण बघू दिलं नाही. माझ्या गाडीचं टाकीचं झाकण डाव्या बाजूला, मी उजवीकडे स्टिअरिंगवर. त्याच क्षणी दुसरा मुलगा माझ्या खिडकीत. "काका, सिस्टम क्लीनर टाकायचंय का? ऑफर आहे. हवा बघू का? कार्ड की यूपीआय?" प्रश्नावर प्रश्न. त्याला "नको, नको" म्हणेपर्यंत पेट्रोल सुरू झालं होतं. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि सासऱ्यांचा पाय आखडला होता. उतरून पलीकडे जायला दहा सेकंद लागली असती, मान्य आहे. पण माझ्या जागी तुम्ही असता तर उतरला असता का, ते खरं सांगा.

टाकी भरली की नोझल आपोआप बंद होते, त्या कटचा आवाज आला तेव्हा मी उतरलो. मीटरवर 3,380 च्या आसपास आकडा होता. दिवा लागल्यावर माझी टाकी नेहमी 2,850 च्या मागेपुढे फुल होते. आकडा डोळ्यांत खुपला, तोंडातून "एवढे?" असं निघालंही. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "काका, राउंड फिगर करतो," आणि माझ्या होकाराची वाट न बघता खटका दाबला. कट, पुन्हा दाबला, पुन्हा कट, पुन्हा दाबला. आणि पेट्रोल बाहेर आलं. मागच्या चाकावरून, पत्र्यावरून खाली धार. बायको ओरडली. आधीचा मुलगा फडकं घेऊन धावला, तिसरा पाण्याची बाटली घेऊन आला, "काही होत नाही काका, काही होत नाही". मी खाली वाकून गाडीचा रंग बघतोय, गरम सायलेन्सरचं डोक्यात आलं म्हणून सासऱ्यांना उतरवायचं की काय ते बघतोय. मान वर केली तेव्हा त्याच मशीनवर एका स्कूटरमध्ये पेट्रोल चाललं होतं आणि मीटरवर 110 रुपये दिसत होते.

"3,500 झाले काका." बिल मागितलं तर रोल संपलेला. यूपीआयने पैसे भरले, कारण पेट्रोलच्या वासाने गाडीत बसवत नव्हतं आणि मला तिथून निघायचं होतं.

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा बायकोने वही काढली. "अहो, एवढं कधी होत नाही." त्या दिवशीचा दर लिटरला 104 रुपये आणि वर काही पैसे. 3,500 भागिले तो दर, म्हणजे 33.6 लिटर. वॅगन आरची टाकी 32 लिटरची आणि ती रिकामी नव्हती, दिवा लागला तरी आत चार-पाच लिटर असतं. मागच्या भरण्यापासून गाडी 498 किलोमीटर चालली होती, म्हणजे लिटरला पंधराही नाही. माझी गाडी अठरा देते. नंतर दुसऱ्या पंपावर, कट झाल्यावर थांबून भरलं, तेव्हा 505 किलोमीटरला बरोबर 28 लिटर बसलं. म्हणजे त्या रविवारी जवळजवळ सहा लिटरचे पैसे जादा गेले, तेच हे सहाशे वीस रुपये. पाचशे रुपये मोटरसायकलचे. उरलेलं एक-सव्वा लिटर कट झाल्यावर कोंबलेलं, त्यातलं निम्मं जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंपावर गेलो. मॅनेजर म्हणाले, "काका, कंपनी टाकी कमी लिहिते, गळ्यापर्यंत जास्त बसतं." ही त्यांची ठरलेली ढाल आहे आणि तिच्यात थोडं खरं आहे, म्हणून माणूस गप्प होतो. थोडंफार जास्त बसतंच. पण सहा लिटर? वही पुढे केली, त्यांनी उघडलीही नाही. सीसीटीव्ही दाखवा म्हटलं तर "मालकांची परवानगी लागते". मालक गावाला.

कंपनीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पाचव्या दिवशी मेसेज: डीलरशी चर्चा झाली, तक्रार निकाली. माझ्याशी चर्चा कोणीच केली नाही! चौकीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, सहाशे रुपयांसाठी कुठे फिरताय, आणि पेट्रोलचे व्यवहार आमच्याकडे येत नाहीत. मग जिथे जायला सांगितलं त्या वजनमापांच्या सरकारी कार्यालयात अर्धा दिवस सुट्टी टाकून गेलो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "माप कमी आलं का?" मी म्हटलं, माप बरोबर असेल, आकडा शून्य केला नाही. "मग आमच्याकडे कशाला आलात? आम्ही मशीन तपासतो." आणि खरंच, मशीन तपासली तर ती निर्दोषच निघणार. 5 लिटरच्या मापात 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, तेवढाही येणार नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले तेव्हा मशीन उघडून माप कमी करणाऱ्या चिपा सापडल्या. इथे उघडायला काही नाही. चोरी मशीनमध्ये नाही, नोझल आणि माझे डोळे यांच्यामध्ये आहे, आणि ती जागा कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. प्रत्येकाने मला पुढच्या दारात पाठवलं आणि प्रत्येक दारात मीच संशयित असल्यासारखा उभा राहिलो. "तुम्ही बघितलं का नाही?" हा प्रश्न तीन ठिकाणी विचारला. पंपवाल्याला एकाही ठिकाणी एकही प्रश्न नाही.

गाडीत दोन दिवस वास होता. गॅरेजवाल्याने सांगितलं, कट झाल्यावर दाबून भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत जातं, ती भिजली की बदलायचा खर्च वेगळा. यावेळी वाचली. टाकीत वरची जागा रिकामी ठेवलेली असते ती वाफेसाठी. तेव्हा पहिला कट झाला की बास, राउंड फिगरला स्पष्ट नाही म्हणा. तसं सांगूनही त्याने खटका दाबलाच, तर हात धरा.

गाडी बंद करून उतरा, पाऊस असो की घाई असो. नोझल खाचेतून उचलताना दिसली पाहिजे. हातात घेऊन आला तर परत अडकवायला लावा. खिडकीत येऊन बोलणाऱ्या मुलाला उत्तरच देऊ नका. 1,990 सांगा, 2,010 सांगा, विचित्र आकडा सांगितल्याने काही वाचत नाही, रक्कम तुमच्यासमोर मशीनवर दाबून घेतली तर वाचतं. छापील बिल मिळेपर्यंत पैसे देऊ नका. यूपीआयच्या पावतीवर लिटर नसतात, हे मला महागात पडलं. पेट्रोल सांडलंच तर आधी मीटरचा फोटो, मग रंग. फोटो मात्र मशीनपासून लांब जाऊन काढा. संशय असेल तर 5 लिटरचं माप मागा, ते दाखवायला पंप बांधील आहे.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. वहीच्या चौदा पानांच्या झेरॉक्स आणि यूपीआयची पावती जोडून मी अर्ज तयार केलाय. सातारा रस्त्यावर रविवारी सकाळी सात ते आठच्या दरम्यान "राउंड फिगर" करताना आणखी कोणाचं पेट्रोल सांडलं असेल, तर रक्कम आणि लिटर लिहून मला कळवा. एकट्याची वही कोणी उघडत नाही.