पहिली बॅट स्वतः घडवताना: कच्चा क्लेफ्ट, मूठ बसवलेले पाते की जुनी बॅट?

क्रिकेटची बॅट घरी हाताने घडवायची ठरवली की काम कोणत्या टप्प्यापासून आपल्या हाती घ्यायचे हे आधी निश्चित करावे लागते, आणि लाकडाची निवडही बरीचशी त्यावरच अवलंबून राहते. विलो या झाडाच्या ओंडक्यातून फाडून वाळवलेला पाचरीच्या आकाराचा तुकडा, ज्याला या व्यवसायात सर्वत्र क्लेफ्ट म्हणतात, तो घेऊन दाबण्यापासून मूठ बसवण्यापर्यंत सगळे स्वतः करता येते. कारखान्यात रोलरखाली दाबलेले आणि वेताची मूठ बसवलेले, पण आकार न दिलेले पाते विकत घेऊन पुढचे घडवणे ही दुसरी वाट आहे. तिसरी वाट एखाद्या जुन्या, वापरून थकलेल्या बॅटची मूठ बदलण्याची किंवा तिला नवा आकार देण्याची. नवशिक्याने दुसरी वाट धरावी असे माझे मत आहे.

पहिल्या वाटेतील मुख्य अडचण दाबकामाची आहे. विलो हे मुळात मऊ लाकूड आहे; नखाने ओरखडा उठावा इतके मऊ. म्हणून कारखान्यात पात्याचा दर्शनी भाग दर चौरस इंचाला सुमारे 2,000 पौंड दाबाच्या रोलरखालून काढतात, आणि त्यामुळे वरचे काही मिलिमीटर लाकूड घट्ट होऊन चेंडूचा मार सोसू लागते. दाब कमी पडला तर पात्याला खड्डे पडतात आणि ते लवकर फुटते. दाब जास्त झाला तर लाकूड मुके होते आणि चेंडू बॅटवरून उडत नाही. घरी एवढा दाब देण्याची सोय नसते. लाकडी मोगरीने तासन्‌तास ठोकून पृष्ठभाग बराच कठीण करता येतो, पण तो सगळीकडे सारखा होत नाही, आणि कुठे कमी पडला हे पहिली भेग पडेपर्यंत कळतही नाही.

मुठीचा सांधा ही दुसरी अडचण. पात्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोल खाच कापून तिच्यात मुठीची निमुळती पाचर बसवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या या रचनेचे श्रेय चार्ल्स रिचर्डसन या रेल्वे अभियंत्याला दिले जाते. मूठ वेताचे तुकडे सरसाने चिकटवून केलेली असते, त्यांच्यामध्ये रबराच्या किंवा बुचाच्या पट्ट्या असतात, आणि चेंडूचा धक्का हाताच्या पंजापर्यंत पोहोचण्याआधी तिथेच बराचसा शोषला जातो. खाचेच्या दोन्ही भिंती पाचरीला पूर्ण लांबीभर टेकल्या पाहिजेत. कुठेही फट राहिली तर तिथे केवळ सरस उरतो आणि जोराच्या फटक्याला सांधा बोलू लागतो. शिवाय मूठ पात्याच्या सरळ रेषेत न बसवता, पात्याच्या बाकाशी जुळेल अशी किंचित पुढे झुकवून बसवावी लागते. ज्याला सुतारकामातील जोडणीचीच आवड आहे, त्याने हा सांधा भंगार लाकडावर मनसोक्त गिरवावा, मात्र पहिल्या खेळायच्या बॅटचे भवितव्य त्याच्यावर टांगू नये.

दुसऱ्या वाटेत ही दोन्ही कामे झालेली असतात, आणि उरते ते आकार देण्याचे काम. बॅटचे वजन, तोल आणि हातातला स्वभाव ठरतो तो याच कामात. दोन मुठींची, अंगाकडे ओढून चालवायची सुरी, एक लहान रंधा, लाकडाची जाड कानस, पॉलिशपेपर आणि पाते घट्ट धरणारा शिकंजा एवढ्या हत्यारांत ते होते. ओढायची सुरी आपल्याकडच्या बाजारात सहज मिळत नाही. तेव्हा रंधा आणि कानस यांवरच भागवले तरी चालते, वेळ तेवढा अधिक लागतो. आधी पाठीवर कण्याची मध्यरेषा आखावी आणि पाते सर्वांत जाड कुठे ठेवायचे ते ठरवावे, कारण हा फुगवटा टोकाकडे सरकला तर खाली राहणाऱ्या चेंडूला बॅट चांगली लागते आणि वर सरकला तर उसळत्या चेंडूला. मग कण्यापासून दोन्ही कडांकडे उतार काढत जावे. हत्यार नेहमी फुगवट्याकडून टोकाकडे आणि फुगवट्याकडून खांद्याकडे, म्हणजे उताराच्याच दिशेने चालवावे; उलट चालवले की रेशे उचकटतात आणि लाकडाचा लांब सालपा निघून येतो.

एक गोष्ट इथे कटाक्षाने पाळावी लागते. लाकूड काढायचे ते पाठीचे, खांद्यांचे आणि टोकाचे. दर्शनी भागाला आणि दाबलेल्या कडांना पॉलिशपेपरपलीकडे हात लावू नये, कारण दाबून घट्ट झालेला थर तिथेच असतो आणि रंधा मारून गुळगुळीत करण्याच्या नादात तो निघून जातो. बॅट अधूनमधून वजनकाट्यावर ठेवावी आणि मुठीला धरून हलवूनही पाहावी. प्रौढांच्या बऱ्याच बॅटी 1,100 ते 1,250 ग्रॅमच्या दरम्यान असतात. सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून, म्हणजे 1,360 ग्रॅमहून जड बॅटने खेळत, पण ती सवय अनुकरणीय आहे असे कोणी प्रशिक्षक सांगणार नाही. खांद्याजवळून 30 ग्रॅम काढले तर हाताला फारसा फरक जाणवत नाही, टोकाकडून तेवढेच काढले तर बॅट एकदम हलकी वाटू लागते. त्यामुळे टोकाकडचे लाकूड सर्वांत शेवटी, थोडेथोडे काढावे.

आता लाकूड. इंग्लिश विलो हलका, फिकट आणि सरळ रेषांचा असतो आणि चेंडूला अधिक उसळी देतो. मीरत आणि जालंधरच्या कारखान्यांतही उत्तम प्रतीच्या बॅटी याच आयात लाकडाच्या होतात. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी 1894 पासून हा व्यवसाय करते आणि जगभर क्लेफ्ट पुरवते. काश्मिरी विलो अनंतनाग जिल्ह्यातील संगम, हलमुल्ला, बिजबेहारा या पट्ट्यात बॅटींचे रूप घेतो. तो थोडा जड, कठीण आणि तपकिरी छटेचा असतो, आणि त्याची किंमत कितीतरी कमी असते. खेळाडूच्या दृष्टीने इंग्लिश विलो निर्विवाद सरस आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र काश्मिरी विलोचा कठीणपणा उपकारक ठरतो, कारण रंध्याचा एखादा चुकीचा फेरा तो सहन करतो, आणि पाते बिघडलेच तर दुसरे आणताना खिशाला फार झळ बसत नाही. स्वस्तातले पाते घेताना विलोऐवजी पॉप्लर या दुसऱ्याच झाडाचे लाकूड तर हाती येत नाही ना, एवढी खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. इंग्लिश विलोच घ्यायचा असेल तर सरळ रेषांच्या महागड्या प्रतीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. डाग असलेल्या किंवा कमी रेषांच्या प्रतीवर हात तितकाच बसतो.

गावच्या वखारीतले लाकूड वापरावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या झावळीच्या देठाची बॅट करून पिढ्यान्‌पिढ्या पोरे खेळली आहेत आणि त्या खेळाला ती पुरेशीच आहे. सागाचे मात्र गणित जमत नाही. पात्याचे घनफळ साधारण 2,100 घन सेंटिमीटर धरले तर विलोचे पाते सुमारे 900 ग्रॅम भरते, सागाचे तेवढेच पाते 1,350 ग्रॅमच्या पुढे जाते, आणि त्यावर मुठीचे वजन वेगळे. ते हलके करण्यासाठी तासत बसले तर बॅटची फळी होते.

बांबूचा विचार सिंधुदुर्गातील वाचकांच्या मनात येईल. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये चिकटवलेल्या बांबूच्या पट्ट्यांची बॅट करून ती विलोपेक्षा कठीण आणि ताकदवान असल्याचे दाखवले होते, पण बांबू हे गवत आणि पाते केवळ लाकडाचेच असावे या नियमावर बोट ठेवून, क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबने ती नियमबाह्य ठरवली. क्लबच्या सामन्यांत खेळायचे असेल तर मापेही पाळावी लागतात: लांबी 96.52 सेंटिमीटरपेक्षा आणि रुंदी 10.8 सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, आणि ऑक्टोबर 2017 पासून जाडी 6.7 व कडा 4 सेंटिमीटरच्या आत हवी. आकार न दिलेले पाते या मापांपेक्षा मोठे असू शकते, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून जवळ ठेवावा.

पाते कोणतेही घेतले तरी ते आल्याआल्या तासायला बसू नये. चांगल्या वाळलेल्या विलोत सुमारे 12 टक्के ओलावा असतो. पाते घरात सावलीला ठेवून काही दिवस रोज एकाच वेळी तोलावे आणि वजन उतरायचे थांबल्यावरच हत्यार लावावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते उलट हवेतला ओलावा पिते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात इतके सुकते की टोकाला भेगा पडतात. हिवाळ्याचे महिने या कामाला सर्वांत सोयीचे.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडे उगाच दुर्लक्ष होते. मूठ मोडलेली पण पाते शाबूत असलेली बॅट बहुतेक क्लबांच्या अडगळीत पडलेली असते. जुनी मूठ कापून, खाचेत अडकलेले वेत आणि सरस पटाशीने कोरून काढून नवी मूठ बसवणे हे चिकाटीचे काम आहे, आणि जुने वाळके लाकूड पटाशीखाली सहज तडकते. पण केवळ पाठ तासून वजन उतरवण्याचा सराव करायचा असेल, तर यापेक्षा चांगला तुकडा मिळणार नाही. दर्शनी भागावर खोल भेग असलेली बॅट मात्र घेऊ नये.

शेवटची कामे तिन्ही वाटांत जवळपास सारखीच आहेत. पॉलिशपेपर जाडापासून बारकाकडे नेत पाते गुळगुळीत करावे, कच्च्या अळशीच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि तेल मुठीच्या सांध्याला लागू देऊ नये, कारण तिथला सरस त्याने सैल होतो. लेदर बॉलने खेळायची बॅट दाबलेली असली तरी मोगरीने पाच-सहा तास हळूहळू जोर वाढवत, कडांकडे विशेष लक्ष देत ठोकावी लागते, आणि त्यानंतरही आधी जुन्या चेंडूंवरच वापरावी. टेनिस बॉलच्या बॅटला हा खटाटोप लागत नाही, त्यामुळे ज्याचे क्रिकेट मुख्यतः टेनिस बॉलवर चालते त्याने मूठ बसवलेले काश्मिरी विलोचे पाते आणावे आणि तेल सुकले की दुसऱ्या दिवशी मैदानात उतरावे.